पोटखराबा

बहुतेक माणसं कंसातला मजकूर सोडून पुढं जातात. आमच्या नानांची नजर आधी कंसावर जाते. लग्नपत्रिका हातात आली तरी वधूवर मागाहून. मुहूर्तापुढं कंसात काय लिहिलंय ते आधी. जाहिरातीत किमतीच्या डोक्यावर बारीक चांदणी दिसली, की पानाच्या तळाशी तिची जोडीदारीण सापडेपर्यंत चहा गार होतो. “बाहीर लिवत्यात ते तोंडावरचं, कंसात लिवत्यात ते पोटातलं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी बँकेच्या मॅनेजरपासून सोयरिकीच्या बैठकीपर्यंत सगळीकडं वापरून झालंय.

‘नाना’ हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव घातलं तर ते छापलेल्या लेखातले शब्द मोजतील आणि संपादकांना फोन लावतील. तसाही प्रत्येक भावकीत एक नाना असतोच. हॉटेलातलं बिल उलटं धरून खालून वर बेरीज करणारा. पेट्रोल पंपावर गाडीवरून उतरून, हात मागं बांधून, मीटरच्या शून्याकडं शाळातपासनीसासारखा बघत राहणारा. गॅसची टाकी दारात आली की ताणकाटा घेऊन बाहेर येणारा. काकींच्या म्हणण्याप्रमाणे लग्नात त्यांच्या अंगावर किती तोळे होते ते नानांना आजही गुंजेसकट सांगता येतं, फक्त लग्नाची तारीख सांगता येत नाही.

नाना पारगावचे. यावर लगेच प्रश्न येतो, कुठलं पारगाव? दौंड तालुक्यात एक आहे, तिकडं खंडाळ्याला एक. आमच्याच टापूत जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे, आणि आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे खेड आणि पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. नाना या शेवटच्या पारगावचे, म्हणजे दत्तात्रयनगरला जिथं भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे ते. ‘तर्फे’ लावल्याशिवाय ते गावाचं नाव घेत नाहीत. एसटीत कंडक्टरलाही पूर्ण नाव सांगायला बसतात, आणि ‘अवसरी’वर पोचायच्या आत त्यानं तिकीट हातात दिलं की “आरं, पुरतं ऐकून तरी घे” म्हणून वैतागतात.

त्यांच्या घरातलं कॅलेंडर भिंतीला समांतर कधी लटकत नाही. प्रत्येक पानाला दुधाच्या चिठ्ठ्या टोचलेल्या असल्यामुळं ते गरोदर दिसतं. सकाळची चिठ्ठी, संध्याकाळची चिठ्ठी. लिटर, फॅट, एसएनएफ. साडेतीन-साडेआठचा दर कुठल्या पंधरवड्यात किती होता हे नानांना विचारावं. एकदा डेअरीतल्या पोरानं चुकून दोन लिटर कमी लावले, तर नाना चरवी घेऊन परत गेले आणि नोंद दुरुस्त होईपर्यंत ओट्यावर बसून राहिले. गाव हसलं. पुढच्याच महिन्यात चुकून दोन लिटर जास्त लागले. नाना पुन्हा चरवी घेऊन गेले आणि पुन्हा ओट्यावर बसले. या वेळी गाव हसलं नाही, गावाला काय करावं ते कळेना.

उसाचंही तसंच. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढला की नाना ड्रायव्हरला खाली उतरवतात. रिकामा ट्रॅक्टर चढला की पुन्हा खाली उतरवतात. एका नव्या ड्रायव्हरनं समजुतीच्या सुरात सांगितलं, “नाना, भरल्या गाडीत मी बसून राहतो, रिकामीला उतरतो. तेवढं तुमच्याच पदरात.” नानांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो दोन्ही वेळा लांब लिंबाखाली जाऊन उभा राहिला. “तुपलं सत्तर किलो मपल्या उसात कशाला रं?”

अशा माणसाच्या घरात लॅपटॉप यायला नको होता. पण नात अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात लागली आणि लॅपटॉप आला. आधी कुणीतरी वापरलेला, पण सुस्थितीतला. त्यात चार जीबी रॅम होती. वर्षभरात नातीचं सॉफ्टवेअर उघडायला एवढा वेळ लागायला लागला, की ती ते सुरू करून अंघोळीला जायची. आणखी चार जीबी घालायचं ठरलं. नातीनं ऑनलाइन मागवली.

पार्सल गेलं पारगाव तर्फे आळ्याला.

आणि तिथल्या एका गृहस्थांचं फवारणी पंपाचं नोझल आलं नानांकडं. दुसऱ्या कुणी कुरियरला फोन केला असता. नानांनी पत्त्यावरचा नंबर फिरवला, मोटारसायकल काढली आणि नोझल घेऊन स्वतः जुन्नर तालुक्यात गेले. तिथं त्यांना अण्णा भेटले. अण्णांनी पार्सल फोडलेलं नव्हतं. पण त्यांनी ते घरच्या काट्यावर ठेवून बघितलं होतं. “चिठ्ठीवर लिवलंय त्याच्यापेक्षा कमी भरतंय,” अण्णा म्हणाले, “आधीच सांगून ठिवतो. नंतर मपल्यावर नको.” नाना घरी आले ते वेगळ्याच तंद्रीत. काकी मला फोनवर म्हणाल्या, “सारखं अण्णा, अण्णा चाललंय. आम्हाला बघून गेलं तेव्हा बी एवढं खूश नव्हतं.”

रॅम गावातल्याच एका जाणत्या पोरानं बसवली. लॅपटॉप सुरू झाला. नातीनं सेटिंग्जमध्ये जाऊन, सिस्टमखाली अबाउट उघडून आजोबांना कौतुकानं दाखवलं: इन्स्टॉल्ड रॅम, ८.०० जीबी. आणि त्यापुढं कंस. कंसात, ३.२१ जीबी यूजेबल.

नातीनं लॅपटॉप मिटायला घेतला. नाना म्हणाले, “थांब.”

मी पुण्यात एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. त्यामुळं सगळ्या नात्यागोत्याचे मोबाइल, टीव्ही, इन्व्हर्टर आणि क्वचित शिलाई मशीन हे माझ्या खात्यात येतं. फोन रात्री आला. शेतीची लाइट रात्रपाळीची असली की नाना मोटारीपाशी जाऊन बसतात, आणि लाइट येईपर्यंत रिकामा वेळ असतो.

“आरं, आठाची पावती हाय. सव्वातीन बी धड भरंना. मपलं बाकीचं कुठं गेलं?”

मागं कुत्री भुंकत होती. मी विचारलं, “नाना, एवढ्या रात्री रानात एकटे? बिबट्याचं काय?”

“हाय ना. मघाशी पलीकडच्या उसात डरकला. ते ऱ्हाऊ दे, तू कंसाचं सांग.”

मी तेव्हा अर्धवट झोपेत होतो. उद्या बघू म्हणालो. हा ‘उद्या’ नानांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला वसूल केला. मधल्या वेळात त्यांनी गावातली सगळी मतं गोळा करून ठेवली होती. दाखले काढून देणाऱ्या केंद्रावरचा पोरगा म्हणाला होता, “नाना, चालतंय ना? मग चालू द्या.” ‘चालतंय’ हा शब्द नानांना शिवीसारखा लागतो. त्यांच्या मते ‘चालतंय’ म्हणणाऱ्यांनीच या देशाची वाट लावली. वायरमन म्हणाला, लूज कनेक्शन असेल. वायरमनला जगात दुसरा आजारच माहीत नाही. पण गंमत अशी, की या दुखण्यात त्याचं निदान अगदीच वाया जाणारं नसतं. रॅमची पट्टी खाचेत पुरती बसली नाही तर खरंच ती दिसत नाही.

म्हणून रविवारी मी गेलो. ओसरीवर चटई, चटईवर जुनं वर्तमानपत्र, त्यावर लॅपटॉप पालथा. नानांनी काकींकडून परात मागून घेतली होती. मी एक स्क्रू काढायचा, नानांनी तो परातीत ठेवायचा, ज्या जागेचा त्या जागेवर, म्हणजे परातीत लॅपटॉपचा नकाशाच तयार झाला. झाकण निघालं. आत दोन खाचा, एकीत जुनी पट्टी, एकीत नवी. दोन्ही बाजूंच्या बारीक चापांना अंगठ्यानं बाहेर रेटलं, की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. तिच्या कडेला सोनेरी दात असतात. त्यावर थर बसतो, तो शाळेच्या साध्या खोडरबरानं हलक्या हातानं घासला की जातो. नातीच्या कंपासपेटीतला रबर आला. नानांनी घासलं. इतकं मन लावून, की काकी म्हणाल्या, “माझ्या पाटल्या बी एकदा अशा घासून द्या की.” पट्टी पुन्हा तिरकी घातली, खाली दाबली, दोन्ही चाप टक्कन बसले. आधी एकेक पट्टी एकटी लावून पाहिली, मग जागा बदलून पाहिल्या. दोन्ही ठणठणीत. झाकण लावलं, परात रिकामी झाली, नानांनी ती उलटी करून झटकून दाखवली. लॅपटॉप सुरू केला.

८.०० जीबी. कंसात ३.२१.

“म्हंजी माल हाय,” नाना म्हणाले, “दाखवीत न्हाईत.”

निदान इथवर ते कुठल्याही हार्डवेअरवाल्याच्या बरोबरीनं पोचले होते. आठ जीबी दिसते पण वापरात येत नाही, तेव्हा पट्टी मेलेली नसते. अडवणारा दुसराच असतो. पण मला संध्याकाळी पुण्याला परतायचं होतं आणि नारायणगावच्या पुढं वाहतूक तुंबल्याचं कळलं होतं… नाही, नारायणगाव उलट्या दिशेला. तुंबलं होतं ते राजगुरुनगरला, पण तुंबण्याच्या बाबतीत हा नाशिक रस्ता दिशा बघत नाही. मी निघालो.

मी गेल्यावर भाऊबंदातल्या एका पोरानं व्हिडिओ बघून उपचार केला. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग नावाचं एक कपाट आहे. त्यात बूट, त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि तिथं ‘मॅक्सिमम मेमरी’ अशी चौकट. नावावरून कुणालाही वाटावं, की इथं खूण केली की जास्तीत जास्त मेमरी मिळेल. प्रत्यक्षात ती मर्यादा घालायची चौकट आहे: एवढ्याच्या वर वापरू नकोस, असं सांगणारी. ती मोकळी ठेवायची असते. काहींच्या लॅपटॉपात ती चुकून भरलेली असते आणि तिथली खूण काढली की दुखणं पळतं. आमच्या पोरानं उलटं केलं. खूण केली आणि व्हिडिओतल्या माणसानं टाकला होता तोच २०४८ हा आकडा टाकला.

कंस दोनच्या खाली आला.

त्या रात्रीचा फोन मी विसरणार नाही. नाना ओरडले नाहीत. कमालीच्या शांत आवाजात म्हणाले, “दुसऱ्यांदा काट्यावर चढावला तर माल कमी भरला.” मी फोनवरून खूण काढायला लावली, लॅपटॉप बंद करून चालू करायला लावला. कंस ३.२१ वर आला आणि नानांच्या तोंडून सुटकेचा श्वास ऐकू आला. गेलेलं परत आल्याचा आनंद त्यांना मूळ नुकसान विसरायला लावेल, अशी माझी अर्धा मिनिट आशा होती.

मग मी नातीला एक ओळ वाचायला सांगितली: सिस्टम टाइप. ती म्हणाली, “बत्तीस बिट ऑपरेटिंग सिस्टम, चौसष्ट बिट प्रोसेसर.” चोर सापडला. लॅपटॉपचं डोकं चौसष्ट बिटांचं. पण विकणाऱ्यानं त्यात विंडोज भरली होती ती बत्तीस बिटांची. दोन जीबीच्या जमान्यातला पेनड्राइव्ह हाताशी असेल, तोच वापरला.

“आता हे बत्तीस-चौसष्ट काय?” नाना म्हणाले. शेतीची लाइट यायला अजून अवकाश होता.

मी सांगायला लागलो. मेमरीतल्या प्रत्येक घराला नंबर असतो. बत्तीस बिटांच्या विंडोजकडं नंबर लिहायला बत्तीसच रकाने, प्रत्येकात शून्य किंवा एक. असे एकूण नंबर होतात ४,२९,४९,६७,२९६. एका नंबराला एक बाइट धरला तर बरोबर चार जीबी. त्याच्या पुढं मेमरी कितीही लावा, तिला द्यायला नंबरच शिल्लक नाहीत. शिवाय या चार जीबीच्या नंबरांमधलेच काही स्क्रीनच्या चिपला, काही वायफायला, काही इतर भागांना आधीच राखून ठेवावे लागतात. त्यामुळं चारही पुरे हाती येत नाहीत.

नाना बराच वेळ गप्प होते. मला वाटलं फोन कटला.

“म्हंजी पोटखराबा,” ते म्हणाले.

इतकी वर्षं मी हे लोकांना समजावतोय, हा शब्द मला सुचला नव्हता. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र असतं, लागवडीयोग्य क्षेत्र असतं आणि पोटखराबा असतो. जमीन तुमचीच, नाव तुमचंच. पण तेवढी कसायच्या हिशेबात नाही. ८.०० हे एकूण, ३.२१ हे लागवडीयोग्य. विंडोजवाले कंसात टाकतात तेच भूमी अभिलेखवाले रकान्यात टाकतात.

“अ का ब?” नानांनी लगेच विचारलं.

पोटखराब्याचे दोन वर्ग असतात. अ म्हणजे खडकाळ, नापीक वगैरे. मेहनत करून, माती टाकून ती लागवडीखाली आणता येते आणि तशी नोंदही करून घेता येते. ब म्हणजे रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक कामाला राखलेली; तिला हात लावायचा नाही. नानांनी स्वतःचा सहा गुंठे वर्ग अ खडक फोडून तिथं कांदा घेतलेला आहे आणि त्याची नोंद होईपर्यंत तलाठ्याच्या दारात किती चपला झिजवल्या तेही सांगितलेलं आहे. मी म्हणालो, “चारच्या वरचं सगळं अ. चौसष्ट बिटांची विंडोज टाकली की लागवडीखाली येतं. आतलं थोडं ब.”

“मंग बत्तीसवाल्यांनी चारच्या म्होरं नंबरच का न्हाय दिलं?”

हा प्रश्न मी टाळायला हवा होता. खरं उत्तर असं, की बत्तीस बिटांतही चारच्या पुढं जायची एक वाट होती आणि मोठ्या सर्व्हरसाठीच्या विंडोजला कंपनीनं ती दिलीही होती. घरगुती विंडोजला मात्र चारवरच अडवलं, कारण त्या पुढचे नंबर आले की बाजारातले बरेच ड्रायव्हर गडबडायचे आणि मशीन कोलमडायची. कारण रास्त आहे. पण नानांनी त्यातला फक्त पूर्वार्ध ऐकला.

“म्हंजी बागायतदाराला वाट दिली, आन् आपल्याला कुंपण.” पुढचे काही दिवस पारगावात हे वाक्य माझ्या नावावर फिरत होतं.

बत्तीसचं चौसष्ट वरच्या वर करता येत नाही. सगळं पुसून नव्यानं टाकावं लागतं, म्हणजे आधी सगळं काढून ठेवावं लागतं. त्या शनिवारी मी मुक्कामीच गेलो. नातीच्या फायली पेनड्राइव्हवर जाताना नाना शेजारी बसून होते. गेल्या किती, आल्या किती, हे वहीत. नवी विंडोज चढायला लागली. टक्के वाढत होते. नाना टक्के मोठ्यानं वाचत होते. काकींनी मध्ये बाजरीची भाकरी आणि मासवडी आणली, नाना म्हणाले, “थांब, सत्तरवर अडकलंय.” काकी म्हणाल्या, “सत्तरीतल्यांचं असंच असतं,” आणि ताट ठेवून गेल्या.

मध्यरात्रीच्या सुमाराला अबाउट उघडलं. ८.०० जीबी. कंसात ७.४४ यूजेबल.

नातीनं टाळी वाजवली. तिचं सॉफ्टवेअर अंघोळीला जायच्या आत उघडलं. मी नानांकडं बघितलं. ते चष्मा कपाळावर घेऊन पडद्याच्या जवळ गेले होते.

“छप्पन कमी हाय.”

मी सांगितलं, की टास्क मॅनेजरमध्ये बघा, तिथं ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ म्हणून तेवढीच दिसेल. या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक कार्ड नाही, चित्र दाखवायचं काम प्रोसेसरच्याच पोटातली चिप करते आणि त्यासाठी मेमरीतलाच एक तुकडा सुरुवातीलाच बाजूला काढला जातो. काही मशीनच्या बायोसमध्ये तो कमी-जास्त करता येतो. आम्ही बायोसही उघडलं. या मशीनमध्ये तसा पर्यायच नव्हता.

“वर्ग ब,” मी म्हणालो.

“रस्त्याला गेली,” नाना म्हणाले, आणि वहीत तशी नोंद केली. जमीन रस्त्याला जाणं त्यांना कळतं, पटतंही. एरवी त्याच रस्त्यानं ऊस जातो. फक्त मोबदला मिळेल का, एवढं त्यांनी विचारून घेतलं.

सकाळी निघताना त्यांनी डिकीत कांद्याची गोणी टाकली. मी विचारलं किती आहे, पैसे देतो. नाना भडकलेच. “घरच्याला मोजून देत असत्यात व्हय?” ज्या घरात अंगठीएवढ्या रॅमचाही हिशेब होतो त्या घरातून दरवर्षी न मोजलेली गोणी माझ्याकडं येते आणि ती दोन बिऱ्हाडांना पुरते.

पुढं फेब्रुवारीत, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्तानं, नात त्यांना खोडदला जीएमआरटी बघायला घेऊन गेली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही खोडदला जवळजवळ, बाकीच्या तीन बाजूंना लांब लांब पांगलेल्या. त्या सगळ्यांनी मिळून आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकायच्या. माहिती सांगणारा विद्यार्थी आकाशगंगेवर आला होता. नानांनी हात वर केला. “तीस लावल्यात. आज चालू किती?” पोरगा हसून म्हणाला, “काका, एखाददुसरी देखभालीसाठी बंद असू शकते.” नाना इतके संतुष्ट झाले, की त्यांनी त्या पोराला खिशातल्या शेंगा दिल्या. घरी येऊन सांगत होते, “शिकल्यालं मानूस. कंस आपल्या तोंडानं सांगितला.”

येताना ते आळ्याला थांबले. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखानं वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथं आहे. दर्शन घेतलं, अण्णांकडं चहा घेतला. नात सांगते, की समाधीसमोर हात जोडून नाना पुटपुटत होते, “तुपल्याला चार येद पाठ झालं देवा, आमच्या डब्याला चार जीबी दिसंना व्हती.”

अण्णांशी आता त्यांचा रोज फोन असतो. अण्णांच्या मुलाकडंही लॅपटॉप आहे, हे निघायचंच होतं. “तुमचा कंस किती?” “सात पॉइंट अठ्ठ्याऐंशी.” “आमचा चव्वेचाळीस. रस्त्याला जास्त गेली.” दोन सातबारे शेजारी ठेवून बोलावं तसं बोलतात. लाइट रात्रीची असली की दोघं आपापल्या मोटारीपाशी, दोन तालुक्यांत, आणि मधल्या उसात बिबटे निमूट ऐकत बसलेले.

परवा रात्री फोन वाजला. या वेळी दोघं एकदम लाइनवर होते. कॉन्फरन्स लावायला अण्णांच्या नातवानं शिकवलं म्हणे.

“अण्णांच्या पोराची डिस्क ५१२ ची हाय,” नाना म्हणाले. “बिलावर ५१२. खोक्यावर ५१२. आत उघाडली तर ४७६. आन् ह्याला तर कंस बी न्हाय.”

मी उठून बसलो. म्हणालो, नाना, यात काही गेलेलं नाही. डिस्क बनवणारे हजार हजारानं मोजतात आणि विंडोज १०२४-१०२४ नं मोजते. डिस्क तेवढीच आहे. मोजायची मापं दोन आहेत.

पलीकडं शांतता पसरली. दोन्ही तालुक्यांत.

“विकताना ल्हान माप,” अण्णा सावकाश म्हणाले.

“आन् भरताना मोठं,” नाना म्हणाले. “दोन मापं ठिवल्यात रं. इकायचं येगळं, मोजायचं येगळं. तुपल्याकडं वैधमापनवाल्यांचा नंबर हाय का?”